सुनिलच्या टॅबवर एकही ओरखडा नाही

गंजाडच्या सुनिलकडे कधी पाहुणे म्हणून गेलात, तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. खुर्चीत बसलात की खालून चर्र असा आवाज येईल. दचकू नका. खुर्ची मोडलेली नाही, ते खुर्चीचं प्लॅस्टिक आहे. खुर्च्या आणून तीन वर्षं झाली, पण दुकानातून आलेलं प्लॅस्टिक अजून अंगावरच आहे. टीव्हीचा रिमोट पिशवीत, पिशवीला रबर, आणि बटणं दाबायची ती पिशवीवरून. स्कूटरच्या सीटला कव्हर, कव्हरवर गोणपाट. सासऱ्याने लग्नात दिलेलं घड्याळ भिंतीवर आहे खरं, पण खोक्यासकट. खोक्याला समोरून एक चौकोनी भोक पाडलंय, त्यातून काटे दिसतात. बारा आणि सहा हे आकडे मात्र भोकाबाहेर राहिले, त्यामुळे त्या दोन वेळा निर्मला, म्हणजे सुनिलची बायको, अंदाजाने धरते.

माणूस मुळात असा नव्हता हो. त्याला चिकूने असं केलं.

घोलवडच्या एका पॅकिंग शेडवर सुनिल वीस वर्षं चिकू तपासायला आहे. चिकू ही महा फसवी जात. वरून खरखरीत, बघणाऱ्याला वाटतं, हा दगडावर आपटला तरी काही होणार नाही. पण तोडताना नुसतं नख लागलं, की आज काही दिसत नाही आणि गाडी लांबच्या बाजारात पोचेपर्यंत तिथे काळा डाग पडतो. मग तो एकटा सडत नाही, खोक्यातल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही सोबत नेतो. म्हणून सुनिल रोज सकाळी शेडच्या दारात उभा राहतो आणि कामाला येणाऱ्या प्रत्येकाची नखं बघतो. खिशात कायम एक फडकं. चिकू उचलायचा, फडक्याने त्याच्यावरची तपकिरी भुकटी पुसायची, उजेडाला धरायचा, गरकन फिरवायचा. शेडमधल्या बायका त्याला मागून ‘नखमास्तर’ म्हणतात. त्याला ते माहीत आहे, आणि खोटं कशाला बोला, त्याला ते आवडतंही.

अशा या माणसाला टॅब लागला. लागला म्हणजे अक्षरशः लागला. डहाणूला स्कूटरचं टायर बदललं, टायरवाल्याने दिवाळीचं कूपन दिलं, आणि सोडतीत सुनिलचा नंबर आला. लखलखीत काचेचा मोठा टॅब, आणि सोबत काचेवर लिहायचं पांढरं पेन. दुसरा कुणी असता तर त्याच दिवशी पोरांना पिक्चर लावून दिला असता. सुनिल टॅब छातीशी धरून थेट चिमणच्या मोबाइलच्या दुकानात गेला आणि म्हणाला, “गार्ड लाव.”

चिमणने काचेचं गार्ड लावलं.

“आता याच्यावर गार्ड लाव.”

“सुनिलभाई, हेच गार्ड आहे.”

“हो, पण या गार्डाला ओरखडा आला तर?”

चिमण डहाणूत जन्मलेला, गुजराती, मराठी, हिंदी तिन्ही भाषांत गिऱ्हाइकाशी वाद घालणारा माणूस. पण याला कुठल्या भाषेत उत्तर द्यावं ते त्याला सुचेना. त्याने मुकाट्याने दुसरं गार्ड लावलं. घरी आल्यावर सुनिलने वरून वह्यांना घालतात तसलं जाड पारदर्शक कव्हर घातलं, मग सगळं चेनच्या पिशवीत, पिशवी निर्मलाच्या जुन्या ओढणीत, आणि ओढणी कपाटात. पुढचे पाच महिने टॅब तिथेच होता. महिन्यातून एकदा सुनिल कपाट उघडायचा, ओढणी सोडायचा, उजेडाला धरून बघायचा, आणि समाधानाने म्हणायचा, “एकही ओरखडा नाही.”

“पडेल कसा?” निर्मला म्हणायची. “तुरुंगातल्या माणसाला कधी अपघात होतो का?”

मग सुनिलच्या पोरीचं, शितलचं, लग्न ठरलं. मुलगा तलासरीकडचा, तुषार नाव. तारीख निघाली वैशाखातली. आणि तारीख निघाल्या दिवसापासून घरात एकच घोर लागला: चौक कोण लिहिणार?

वारल्यांकडे लग्नघरी आतल्या भिंतीवर गेरू सारवून, तांदळाच्या पिठाने देवीचा चौक लिहितात. त्यात मधोमध पालघट देवी, भोवती सूर्य, चंद्र, शिडी, फणी, घोडा, आणि सगळ्याला धरून चारी बाजूंनी काठ. लिहून झाला की चौकावर कापड टाकतात. लग्नाच्या वेळी धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते आणि मग ते कापड निघतं. तोवर कुणी बघायचं नाही. आणि चौक लिहायचा तो सवासिनींनीच, नवरा हयात असलेल्या बायांनीच. सुनिलच्या घराण्याचा चौक चाळीस वर्षं त्याची आत्या लिहीत आली होती, बारकी आत्या. सुनिलच्या लग्नातही तिनेच लिहिला होता. पण दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा पांड्या गेला, आणि त्या दिवसापासून बारकीने काडी खाली ठेवली. तिला कुणी सांगितलं नाही. तिची तिनेच ठेवली.

राहिल्या निर्मला आणि तिची जाऊ भिकी. दोघींना देवी जमायची, घोडा कसाबसा जमायचा, भिकीचा घोडा थोडा बकरीकडे झुकायचा. पण काठ? या घराण्याचा काठ म्हणजे नऊ पदरी, साखळीतून साखळी, मध्ये पानं, पानांत ठिपके, आणि कोपऱ्यात वळताना पदर कुठला वर आणि कुठला खाली हे फक्त बारकीच्या डोक्यात. ती भिंतीला हात लावणार नाही. नुसतं तोंडाने सांगायला गेली, तर भिकी चौथ्या पदरालाच गळपटली.

“कागदावर काढून दे, आते,” सुनिल म्हणाला.

तेही करून बघितलं. बारकीला पीठ आणि बांबूची काडी हीच काय ती लिहायची रीत ठाऊक. ओल्या पिठाने कागदाचा पापड झाला आणि उचलताना तुकडे पडले. बॉलपेन दिलं, तर म्हणाली, “हे टोचतं. आणि तू एवढ्याशा कागदावर काढायला सांगतोस, मला माझं बोट दिसत नाही, ठिपका कुठून दिसायचा?” एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा काढायचा राहिलेला.

कागदाचे तुकडे गोळा करताना ती सहज बोलल्यासारखं बोलली, “जाऊ दे रे. साधा काठ घाला. मी गेले की तसाही हा जायचाच आहे.”

 स्वतःच्या पोरीचं लग्न, आणि समोर चौक लागणार तो अर्धामुर्धा, कुणाचाही. सुनिलला रात्रभर ते सहन होईना. पण सकाळी शितलने जो उपाय सांगितला, तो त्याहून सहन होईना.

“बाबा, टॅब काढा. त्याच्यावर पेनाने काढता येतं. चुकलं तर पुसता येतं. आणि चित्र हवं तेवढं मोठं करता येतं, आतेआजीला ठिपकासुद्धा लाडवाएवढा दिसेल.”

सुनिलचा घास हातातच राहिला. “काचेवर? टोकाने? घासायचं?”

“घासायचं नाही बाबा. लिहायचं.”

“एकच झालं!”

दोन दिवस घरात कुणी त्याच्याशी धड बोललं नाही. तिसऱ्या दिवशी त्याने कपाट उघडलं. उघडलं, पण अटी घालूनच. टॅबला हात लावणाऱ्याने नखं कापायची. बांगड्या, अंगठ्या उतरवायच्या. हात धुवायचे, पुसायचे, वाळवायचे. पिठाच्या, गेरूच्या हाताने जवळपाससुद्धा फिरकायचं नाही. बोटाने चित्र मोठं करायचं काम फक्त शितलने करायचं. त्याने हे सगळं शेडवरच्या पुठ्ठ्यावर लिहून दाराला लावलं. बारकीला वाचता येत नव्हतं, म्हणून तिला वाचूनही दाखवलं आणि वर म्हणाला, “हात दाखव, आते.”

बारकीने दोन्ही हात त्याच्या नाकासमोर धरले. “बघ. नीट बघ. तुझं ढुंगण धुतलंय या हातांनी, तेव्हा नखं नाही विचारलीस ती?”

निर्मला आणि भिकी चुलीपाशी वाकून वाकून हसल्या. सुनिल कानकोंडा झाला, पण नखं बघितलीच.

मग बारकीला ओटीवर बसवलं, मांडीवर मऊ चादर, चादरीवर टॅब. शितलने भिंतीसारखा गेरूचा रंग लावून दिला. बारकीने पेन हातात घेतलं, उलटसुलट केलं, आणि एक रेघ ओढली. काहीच उमटलं नाही. पुन्हा ओढली. नाही. जोर लावला, तसा सुनिलच्या अंगावर काटा आला.

“पेन मेलंय,” भिकीने निकाल दिला.

“पेन जिवंत आहे,” शितल म्हणाली. “पण वर दोन काचा आणि वहीचं कव्हर. एवढ्या कपड्यांवरून त्याला कळणार कसं? बाबा, काढा.”

आधी वहीचं कव्हर निघालं. रेघ उमटली, पण तुटक तुटक, ठिपक्यांचा पत्ताच नाही. मग वरचं गार्ड. सुनिलने ते स्वतःच्या हाताने काढलं, डोळे मिटून. रेघ आली, पण बारीक काम अजून जमेना. दुसरं गार्ड काढायची त्याची हिंमत होईना. तो टॅब घेऊन स्कूटरवरून चिमणकडे गेला, आणि चिमणने एका झटक्यात ते उपटलं.

“सुनिलभाई, पेनासाठी कागदासारखं पातळ, मऊ कव्हर मिळतं. ते पुढच्या आठवड्यात वापीहून येईल. तोवर उघड्या काचेवर बिनधास्त लिहू दे. पेनाचं टोक मऊ असतं, त्याने काचेला काही होत नाही.”

“मग ओरखडे कशाने पडतात?”

“धुळीने. टोक आणि काच यांच्यामध्ये वाळूचा एक कण आला की संपलं. म्हणून पेन स्वच्छ, काच स्वच्छ. आणि पुसायचं ते आधी फुंकर मारून, धुतलेल्या मऊ कापडाने. कळलं?”

“धूळ म्हणतोस ना,” सुनिल म्हणाला, “आता बघच.” त्याच संध्याकाळी ओटी दोनदा झाडून, पाणी मारून झाली आणि कोंबड्यांना पलीकडच्या आवारात हद्दपार केलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. बारकी पुन्हा बसली, आता उघड्या काचेसमोर. सुनिल तिच्या डोक्याशी उभा. तिने पेन घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, टोक निरखलं, तिला ते काही पटलं नाही. आणि चाळीस वर्षं जे केलं तेच तिने केलं. पेनाचं टोक तोंडात घातलं आणि दाढेखाली धरून कचाकचा चावलं.

“आतेऽऽ!”

ती ओरड ऐकून पलीकडच्या कोंबड्यासुद्धा उडाल्या म्हणतात.

“काय झालं ओरडायला? काडी चावल्याशिवाय मऊ होते का कधी? टोकाचा कुंचला व्हायला नको?” बारकीने शांतपणे तोंडातून पेन काढलं आणि चुईंगमसारखं काहीतरी थुंकलं. “पण हा बांबू कच्चा आहे रे. चव नाही.”

टोकाचा खरंच कुंचला झाला होता, पण कामाचा नव्हे.  लग्न नऊ दिवसांवर. शितलने टॅबचं खोकं आणायला सांगितलं. खोकंही अर्थात कपाटात, आणि त्याच्या तळाच्या कप्प्यावरचं स्टिकर अजून फाडलेलं नव्हतं, कारण खोकं खराब झालं असतं. शितलने स्टिकर फाडलं. सुनिलने त्या आवाजाला मान फिरवली. आत चिमुकल्या पुडीत चार नवी टोकं होती. पाच महिने ती तिथेच पडून होती, आणि मालकालाच पत्ता नव्हता.

जुनं टोक उपटून नवं बसवलं. बारकीला बजावलं की हे चावायचं नाही. तिने कबूल केलं, पण हात राहीना. म्हणून भिकीने तिला चघळायला खरीखुरी बांबूची काडी दिली. तोंडात काडी, हातात पेन, अशी बारकी लिहू लागली.

 शितल दोन बोटांनी चित्र मोठं करायची, बारकी तेवढा तुकडा भरायची. एक पदर, दुसरा पदर, साखळीत साखळी. हात आधी बिचकत होता, तिसऱ्या पदराला सैल झाला. कोपऱ्यावर आली तेव्हा तिने क्षणभर डोळे मिटले, आणि रेघ अशी वळवली की सुनिलला आपल्या लग्नातली भिंत आठवली. पांढऱ्या टोकाखालून ठिपके पडत होते, भरभर. बारकीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते दंडाला पुसत होती, हाताला नाही; हात काचेवर होता ना. सुनिलला तेवढ्यातही बरं वाटलं, की आतेने अट पाळली.

सहा दिवस ती थोडं थोडं लिहीत होती. शुक्रवारी दुपारी काठ पुरा झाला. रोजच्यासारखीच तिने ओढणीने काच झाकली, चौकावर टाकतात तसं. संध्याकाळी सुनिल शेडवरून आला, तसाच ओटीवर टेकला, आणि त्याने ओढणी बाजूला केली. नऊ पदर, चारी कोपरे, पानं, ठिपके. बघतच राहिला. फक्त मधोमध बारकीच्या अंगठ्याचा एक तेलकट ठसा होता. तेवढा पुसावा म्हणून त्याने काचेवर हाऽ केलं, खिशातलं फडकं काढलं, आणि वीस वर्षांच्या सवयीने अंगठा दाबून एकच लांब फटका मारला, चिकूला मारतो तसा.

कर्र.

 फडकं उलटून बघतो, तर दिवसभराची चिकूची भुकटी, आणि भुकटीत घोलवडच्या किनाऱ्याजवळच्या वाड्यांतली बारीक वाळू, चमचमती. टॅब उजेडाला धरला. वरच्या कोपऱ्यातून निघून काठ ओलांडून आत, कमानीसारखी वळलेली, पांढरी, लांबच लांब रेघ. त्याने नख फिरवून बघितलं. नख अडकलं.

सगळ्या गावाची नखं तपासली, ओटी धुतली, कोंबड्या हाकलल्या, आणि ओरखडा पाडला तो कुणी, तर नखमास्तरने. स्वतःच्या फडक्याने!

आता खरं तर हे कुणाला तरी सांगायला हवं होतं. पण तोंड कुठून आणणार? त्याने टॅब ओढणीत गुंडाळला आणि जेवताना कुणी न विचारताच म्हणाला, “एकही ओरखडा नाही.” दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाला. दुपारी भिकीला म्हणाला. चिमण फोनवर कव्हर आलं म्हणून सांगत होता, त्यालाही म्हणाला.

“एवढं काय सारखं तेच?” निर्मला म्हणाली. “कळलं की सगळ्यांना.”

लग्नाच्या आदल्या दिवशी चौक लिहायचा होता. भिंत सारवून झाली, पीठ भिजलं. सुनिलने टॅब कणगीवर उभा केला, भिंतीपासून चार हात लांब, आणि जमिनीवर राखेची रेघ ओढली. “याच्या आत कुणी यायचं नाही. पिठाचे हात आहेत. लांबून बघून लिहा.” मग उभ्या उभ्या डावीकडे उजवीकडे होऊन त्याने टॅब असा तिरका केला, की त्याला स्वतःला तरी ओरखडा दिसू नये. दिसला नाही. पण बाया भिंतीपाशी खाली बसून लिहिणार होत्या, आणि बसलेल्या माणसाला तिथून तो कसा लखलख दिसत होता, हे काही त्याने बसून बघितलं नाही. मांडवाचं सामान आणायला तो डहाणूला गेला. बारकी अंगणात पाठ करून बसली आणि संध्याकाळपर्यंत बसून राहिली. निर्मला आणि भिकी यांनी चौक पुरा केला, वर कापड टाकलं.

लग्नाच्या दिवशी घर माणसांनी भरलं. तलासरीची मंडळी आली, धवलेरीने गाणं धरलं, शितल पिवळी होऊन पाटावर बसली. बारकी आत आली नाही, उंबऱ्यापाशीच दाराला टेकून उभी राहिली. गाणं वर चढलं, आणि कापड निघालं.

लोकांच्या तोंडून ‘अगं बाई’ निघालं. काय काठ उतरला होता! भिकीचा घोडा या वेळी घोडाच दिसत होता. सुनिलचा ऊर भरून आला. आणि मग त्याची नजर वरच्या कोपऱ्यात गेली.

कोपऱ्यातून निघून, काठ ओलांडून, कमानीसारखी वळलेली, तांदळाच्या पिठाने ठळक काढलेली, लांबच लांब रेघ. त्याचा ओरखडा. जसाच्या तसा. हातभर मोठा होऊन भिंतीवर.



“थांबा,” उंबऱ्यातून बारकी म्हणाली. तिने बरा डोळा बारीक केला. “ती रेघ कुणाची?”

गाणं थांबलं. भिकी गोंधळली. “तुझीच ना, आते. टॅबमध्ये होती. आम्ही होती तशी उतरवली.”

“मी नाही काढली.”

“ओरखडा तर नव्हे तो काचेवरचा?” कुणीतरी विचारलं.

“छे!” निर्मला ठामपणे म्हणाली. “ओरखडा कसा असेल? दिवसातून वीस वेळा हे सांगत होते, एकही ओरखडा नाही, एकही ओरखडा नाही. म्हणून तर आम्ही म्हटलं, जी दिसते ती प्रत्येक रेघ आतेची.”

सगळ्यांच्या माना सुनिलकडे वळल्या. शितलसुद्धा पाटावरून बघू लागली. सुनिलने खिशात हात घातला, फडकं बाहेर काढलं, आणि ते हातात चुरगाळत म्हणाला, “माझी आहे. शुक्रवारी पुसायला गेलो. याने. वाळू होती.” मग पुढे म्हणाला, “लाज वाटली, म्हणून बोललो नाही. पोरीच्या चौकाचा मी सत्यानाश केला.”

भिकीने लगबगीने ओलं फडकं उचललं. “पुसते. अजून पुसता येईल.”

“पुसू नको,” बारकी म्हणाली.

ती उंबऱ्यावरून ती रेघ बघत होती. धवलेरीही तिच्या तोंडाकडे बघत होती. चौकातलं बारकीला कळतं, हे तिलाही मान्य होतं.

“चाळीस वर्षं मी चौक लिहिले,” बारकी म्हणाली. “आईच्या हाताची रेघ असते, काकीच्या, आत्याच्या. बापाची कधी नसते. बाप बाहेर मांडवाला दोऱ्या बांधत असतो. या पोरीच्या चौकात बापाची रेघ आलीय, तर ती मी का पुसू देऊ?” ती धवलेरीकडे वळली. “चालेल ना गं?”

धवलेरीने रेघेकडे बघितलं, सुनिलकडे बघितलं, आणि मान हलवली.

“पण नुसती मोकळी सोडू नको, भिकी. ती वाट कर. वरच्या टोकाला दोन माणसं काढ. हां, वाटेने पुढे चाललेली पोरगी. आणि मागे एक जण उभा.”

भिकीने काडी चावली, पीठ घेतलं, दोन त्रिकोणांची पोरगी काढली, दोन त्रिकोणांचा बाप काढला.

“मागच्याच्या हातात काय देऊ, आते?”

“फडकं,” बारकी म्हणाली.

मांडव हसून हसून फुटला. तलासरीची माणसंही हसली, त्यांना ‘नखमास्तर’ हे नाव कुणीतरी तेवढ्यात सांगितलंच होतं. शितल हसली आणि मग तिचं तोंड वाकडं झालं. सुनिलही हसायला गेला, आणि त्याला मधूनच असा हुंदका फुटला की निर्मलाने त्याच्याच हातातलं ते फडकं त्याला डोळे पुसायला दिलं. मग काय आठवलं कुणास ठाऊक, पटकन काढून घेतलं आणि आपला पदर दिला.

शितल तलासरीला गेली. पावसाळा तोंडावर आला. भिंत पुन्हा सारवायची वेळ झाली की चौक जातो, तसा हाही जाणार होता. त्याआधी सुनिल टॅब घेऊन चिमणच्या दुकानात गेला. चिमणने काच तिरकी धरून बघितली.

“अरे बापा, मोठा ओरखडा आहे. बदलून टाकू या काच? नव्यासारखी होईल.”

“हात लावू नकोस तिला!” सुनिल एवढ्या जोरात म्हणाला की दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांनी वळून बघितलं. मग जरा खाली येऊन म्हणाला, “वापीहून ते मऊ कव्हर आलंय ना? ते लाव. फुंकर मारून, स्वच्छ पुसून लाव.”

“सुनिलभाई, ओरखडा तर पडून गेला. आता कव्हर लावून वाचवायचं काय?”

सुनिलने बोटाने काचेवरची ती वाकडी रेघ वरून खालपर्यंत हळूच चाचपली.

“हाच,” तो म्हणाला. “लाव तू.”